इटाली आणि मिरजवाली

हंबीररावांचा निरोप एवढाच होता. रविवारी सगळ्यांनी लेकीच्या, बनूच्या घरी जमायचं, आणि गुंडाला म्हणावं, तुझी घेऊन ये.

‘तुझी’ म्हणजे काय, हे गुंडाला कुणाला विचारावं लागलं नाही. मिरजेच्या ज्या कारखान्यात तो सतारी आणि तंबोरे करायला शिकला, तिथंच सुटीच्या दिवशी बसून गेली दोन वर्षं तो एक गिटार घडवत होता. वडिलांना त्यानं त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आता कळलं, की आबांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनीही ते मनातच ठेवलं होतं.

त्यानं गिटार गोधडीत गुंडाळली, पाठीला बांधली आणि सायकलवर टांग टाकून माधवनगरची वाट धरली. थंडीचे दिवस होते. उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवून सावकाश चालल्या होत्या. वाटेत तो दोनदा उतरला आणि गोधडीत हात घालून खुंट्या जागेवर आहेत ना, ते चाचपून बघितलं.

गिटारीला धक्का लागेल ही भीती होती, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ही गिटार त्यानं आबांच्या गिटारीवरून उचलली होती. बाजारात मिळणारी गिटार सपाट पोटाची असते आणि तिला मध्ये गोल भोक असतं. आबांची तशी नव्हती. तिचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर होतं, जाड फळी कोरून काढलेलं, आणि दोन्ही अंगांना इंग्रजी एफच्या वळणाच्या फटी होत्या. दुसऱ्या महायुद्धात आबा पलटणीबरोबर इटलीत लढले आणि परतताना ती घेऊन आले. वाईजवळच्या त्यांच्या गावात तिला गिटार असं कुणी म्हटलंच नाही. ‘हंबीरराव, इटाली काढा’ म्हणायचे. घरातही तिचं नाव तेच पडलं. भजनाला, बारशाला, ऊस गेल्यावर निवांत झालेल्या संध्याकाळी आबा ती वाजवायचे, आणि वाजवून झाली की घोंगडीत गुंडाळून लांब लाकडी पेटीत ठेवायचे. त्या पेटीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. आणि गुंडानं तर आबा शेतावर गेले की पेटी उघडून, त्या फटींतून वाकवलेली तार आत घालून, लाकडाची जाडी मोजली होती.

इटालीच्या पोटाचं लाकूड इकडं कुठं मिळत नव्हतं. ते मिळालं दाजींमुळं. बनूचा नवरा नानासो माधवनगरच्या एका गिरणीत फिटर होता. परदेशातून आलेल्या यंत्राचं खोकं फोडताना त्याला पांढऱ्या, सरळ रेघांच्या जाड फळ्या दिसल्या. मुकादमाला विचारून त्यातल्या दोन त्यानं मेव्हण्यासाठी बाजूला काढल्या. पाठ आणि कडा गुंडानं तुणीच्या केल्या, सतारीला वापरतात तशा, आणि मानेवरची पट्टी शिसवीची. सतारीच्या कामात पुढच्या लाकडाला तबली म्हणतात. ती कोरायलाच त्याला सात महिने लागले होते.

चाळीसमोर सायकल लावताना त्याला आपला थोरला भाऊ दिसला. आकाराम पलटणीत हवालदार होता, रजा काढून आला होता. त्यानं गोधडीकडं बघितलं.

“आबा वाट बघाय लागल्यात,” एवढंच म्हणाला.

*

बनूबाईनं सकाळपासून दोन चुली पेटत्या ठेवल्या होत्या. दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती म्हणून तिनं आबांची खाट मागच्या अंगणात शेवग्याच्या झाडाखाली टाकली होती. रविवार असल्यामुळं गिरणी बंद होती, आणि मागांची खडखड नसली की माधवनगरात माणसाला आपलाच आवाज मोठा वाटतो.

तीन आठवड्यांपूर्वी आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढल्यावर पाय चालू लागला, जीभही वळू लागली. डाव्या हाताची बोटं मात्र मिटत नव्हती. डॉक्टरांनी आशा लावली नाही. त्या दिवसापासून आबा इटालीबद्दल एकही शब्द बोलले नव्हते, फक्त चौथ्या दिवशी त्यांनी गावाकडून पेटी इथं बनूकडं मागवून घेतली.

मग बनूला झोप लागेना. नानासो गिरणीत राबायचा आणि सुटीच्या दिवशी सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याची स्वतःची गिटार साधी, सपाट पोटाची होती. लग्न झाल्यापासून तो सासुरवाडीला गेला की इटालीकडं देवाकडं बघावं तसा बघायचा. त्यानं तोंडातून कधी मागितली नाही. म्हणून बनूनंच दोन दिवसांपूर्वी आबांना जेवू घालताना विषय काढला होता, की इटाली आमच्यात राहिली तर ती वाजती राहील. आबांनी घास गिळला आणि पाणी मागितलं. आता आकारामदादा आला होता आणि तिला माहीत होतं, तो इटाली घरी न्यायलाच आला होता.

जेवणं उरकली. आबांनी पेटी उघडायला सांगितली. गुंडानं गोधडी सोडली. दोन्ही गिटारी खाटेवर शेजारीशेजारी ठेवल्या. आकार एक, पोटाचं वळण एक, फटी एक. पण इटालीचा रंग जुन्या तुपासारखा गडद पिवळा झाला होता आणि हात जिथं टेकतो तिथं वॉर्निश उडून लाकूड काळवंडलं होतं. गुंडाची नवी नवरीसारखी लखलखत होती. आई, रंगूबाई, तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, की ही तर मिरजवाली. ते नाव तिथल्या तिथं पक्कं झालं.

“नानासो, वाजवा,” आबा म्हणाले. “एकच चाल. आधी हिच्यावर, मग तिच्यावर.”

नानासोनं अभंगाची एक जुनी चाल धरली. आधी मिरजवाली. आवाज मोठा निघाला, स्वच्छ, सहाही तारा वेगवेगळ्या मोजता याव्यात असा. शेजारच्या दारातली बाई बाहेर येऊन उभी राहिली. बनूला वाटलं, गुंडानं बाजी मारली. मग नानासोनं इटाली घेतली. तिचा आवाज लहान होता. पण नखी तारेला लागते न लागते तोच तो आपल्यापाशी येऊन पोचत होता, आणि त्यात थोडी खरखर होती, वयस्क माणसाच्या गळ्यात असते तशी. एक सूर विझण्याआधी पुढच्याला वाट करून देत होता. बनूला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण तिच्या हातातलं वाटाणे निवडायचं सूप तसंच राहिलं.

आबांनी नानासोला खरं मत विचारलं. नानासो पाहुणा म्हणून भीड धरणारा माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, की ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट आणि ढोलक वाजत असताना मिरजवाली ऐकू जाईल, इटाली बुडेल. नवी हाताला कडक आहे, तार दाबायला जोर लागतो, आणि आवाज आपल्या जागेवर उभा राहतो, पुढं चालत नाही. जुनीला काही सांगावं लागत नाही. आपण मनात आणतो आणि ती बोलते.

“पर एकटं बसून वाजवायची असंल,” तो म्हणाला, “तर नवी हातात घ्यावी असं वाटायचं न्हाई, गुंडा. खोटं कशाला बोलू?”

गुंडानं मान डोलावली. त्याचे कान लाल झालेले बनूला दिसले.

मग आबांनी खाटेवर कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं आणि सांगितलं, कुठली ते न सांगता वाजवा. नानासोनं सहा वेळा अदलाबदल केली, कधी दोनदा तीच घेतली. आबांनी सहाही वेळा बरोबर ओळखली. शेवटी तर नुसत्या एका तारेवर. आकारामनंही डोळे मिटून प्रयत्न केला आणि चारपैकी तीनदा चुकला. तो हसला, बाकीचेही हसले, आणि तेवढा वेळ बनूला वाटलं, की दिवस गोडीत जाईल.

“असं का व्हतं रं?” आबांनी गुंडाला विचारलं. “माप तर तेच घेतलंस.”

म्हणजे मापाचंही त्यांना ठाऊक होतं. गुंडा खाली बघत सांगू लागला. लाकूड कापल्यावरही बरीच वर्षं सुकत राहतं, हलकं होतं. शिवाय तारांचा ताण त्याच्यावर दिवसरात्र असतो आणि वाजवणारा त्याला रोज हलवतो, त्यामुळं ते सैलावतं. नवी तबली तशी होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात, तीही रोज वाजवली तर. जुनी गिटार न वाजवता ठेवली, तर ती पुन्हा मुकी व्हायला लागते. कारखान्यात दुरुस्तीला येणाऱ्या सतारींचं त्यानं असंच पाहिलं होतं.

त्या शेवटच्या वाक्यावर भांडण सुरू झालं.

आकाराम म्हणाला, की इटाली घरच्या सोप्यात, आबांच्या पदकांच्या तसबिरीशेजारी टांगायची. नानासो म्हणाला, आत्ताच गुंडानं काय सांगितलं, ते ऐकलंत ना? खिळ्याला टांगली तर मरेल. आकाराम म्हणाला, मग लग्नाच्या मांडवात वाजवायची काय, दारू प्यालेल्या वरातीपुढं? बनू मध्ये पडली आणि नवऱ्याच्या बाजूनं चार शब्द जास्तच बोलली. आकारामनं आधार म्हणून धाकट्या भावाकडं बघितलं. लहानपणापासून गुंडा त्याच्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

“दाजींचं खरं हाय, दादा,” गुंडा म्हणाला. “टांगू नये.”

*

आकारामला राग आला तो त्या उत्तराचा नव्हता. घरातल्या कुणालाच त्या गिटारीची किंमत कळत नाही, असं त्याला वाटलं. आवाज, लाकूड, तारा, एवढंच सगळे बोलत होते. त्याच्यासाठी इटाली म्हणजे एक गोष्ट होती. आबांनी त्याला ती सात-आठ वर्षांचा असताना सांगितली होती. बर्फात पलटण एका गावात उतरली, तिथल्या म्हातारीचा मुलगा लढाईत गेला होता, आणि निघताना तिनं मुलाची गिटार दोन्ही हातांनी उचलून आबांना दिली. ती गोष्ट ऐकूनच तो पुढं पलटणीत भरती झाला.

आणि ती त्यानं एकदा वापरलीही होती. एकाहत्तरच्या लढाईत तो नाईक होता. त्याच्या हाताखालच्या बिराप्पा नावाच्या जतकडच्या जवानानं एका रिकाम्या घरातून ट्रान्झिस्टर उचलला. बाकीचे म्हणाले, जाऊ दे. आकारामनं हाताखालच्या दहाही जणांना उभं करून इटालीची गोष्ट सांगितली. माझ्या बापानं परमुलखातून वस्तू आणली, पण ती त्या आईनं दोन्ही हातांनी दिली म्हणून, असं सांगितलं, आणि बिराप्पाला साहेबांपुढं नेलं. बिराप्पाला अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. वर्षाच्या आत तो नोकरी सोडून गेला.

हे सगळं आकारामनं आता अंगणात पहिल्यांदाच घरच्यांना सांगितलं, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. एका आईनं दिलेली वस्तू आपण वरातीत फिरवायची का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

नानासोनं मान खाली घातली. बनूनं पदर सारखा केला. आकारामला वाटलं, आता हे मिटलं.

“आकाराम, बस खाली,” आबा म्हणाले.

तो उभाच राहिला.

“तुला म्या जे सांगितलं, ते तसं न्हाई.”

आबांचं बोलणं अजून थोडं अडखळत होतं, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागत होतं.

“डोंगरातलं गाव व्हतं. माणसं देवळात पळाली व्हती. घर रिकामं. थंडी अशी, की आमच्यातल्या पोरांनी खुर्च्या फोडून चुलीत घातल्या. ही चुलीशेजारी खिळ्याला टांगलेली व्हती. म्या काढली, कांबळ्यात गुंडाळली आन् गाडीत ठिवली. न्हाईतर जळंल, असं मनाला सांगितलं. ते खरं बी असंल.”

“मग बिघडलं कुठं?” बनू म्हणाली. “वाचवलीच की.”

“दुसऱ्या दिवशी म्हातारी आली.” आबांनी चांगल्या हातानं डाव्या हाताची बोटं धरली. “भिंतीपाशी गेली. खिळ्यावरनं हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘दोवे? दोवे?’ म्हंजी कुठं. त्यांच्या भाषेतला तेवढाच शबुद मला येत व्हता. वाट इचारायला आमी तोच वापरायचो.”

“तुमी काय म्हणालात?” आकारामनं विचारलं.

“म्या मान हलवली. कळत न्हाई म्हणून. गाडी धा पावलांवर उभी व्हती.”

आतल्या खोलीत दूध उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. आबांनी उरलेलं सांगून टाकलं. म्हातारी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं ओच्यातून भाजलेली कसली तरी फळं काढली, तांबूस सालीची, गोडसर, आणि त्यांच्यापुढं धरली. उपाशी असेल पोरगा, असं वाटलं असेल तिला.

“दोन्ही हातांनी दिलं, ते खरं हाय,” आबा म्हणाले. “पर दिलं ते हे नव्हं.”

तीस वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं. पण पोरानं त्या गोष्टीवर एका माणसाला कैदेत घातलं, हे आज कळलं, आणि आता गप्प बसलं तर ते दुसऱ्यांदा मान हलवण्यासारखं होईल, असं ते म्हणाले.

आकारामनं पायात वहाणा सरकवल्या आणि अंगणातून निघून गेला.

*

रंगूबाईनं लेकाला थांबवलं नाही. तिला स्वतःचंच कोडं उलगडत होतं. नवी नवरी असताना एकदा भिंती सारवायच्या म्हणून तिनं इटाली पेटीतून काढून सोप्यातल्या खिळ्याला अडकवली होती. हंबीरराव शेतावरून आले, त्यांनी ती बघितली, काढून पेटीत ठेवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तिनं पुन्हा कधी तसं केलं नाही आणि का, ते विचारलंही नाही. आपल्या हाताचा गुण काही वाईट असेल, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

अंगणात नानासोनं इटाली अलगद पेटीजवळ ठेवली. मामा, मला हिचा मोह होता, तो खोटा नाही, पण आता हिला घेऊन स्टेजवर बसवणार नाही, असं तो म्हणाला. बनूनंही नको म्हटलं. घरात सुखानं नांदू दे आम्हाला, म्हणाली. तासाभरानं आकाराम परत आला. कालव्यापर्यंत जाऊन आला होता. इटाली गावाकडच्या घरात आणायची नाही, एवढं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. गुंडा आपल्या गोधडीची घडी घालत बसला.

रंगूबाई क्वचितच चारचौघांत बोलायची. आता ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि तिनं इटाली मांडीवर घेतली.

“सकाळी समद्यांना पायजे व्हती,” ती म्हणाली. “आता कुणालाच नगं. हिनं काय केलंया? ज्यानं नेली त्यानं चूक केली. ते त्यांचं त्यांनी सांगितलं. हिला कशापायी उपाशी ठिवता?”

आकाराम म्हणाला, की आई, ती आपली नाहीच, तर आपण कोण देणार आणि कोण घेणार?

“आपली न्हाई म्हणूनच नीट ठिवायची,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं लेकरू घरात असलं, तर त्याला आधी वाढत्यात.”

मग तिनंच ठरवलं. इटाली गुंडाकडं, मिरजेच्या कारखान्यात राहील. तिथं रोज कुणीतरी वाद्याला हात लावणारा असतो. ती वाजती राहील, मोडली तर दुरुस्त होईल. विकायची नाही, मिरवायची नाही, आणि कुणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं. तिनं हंबीररावांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, होकाराची.

“आन् ती?” त्यांनी मिरजवालीकडं बोट केलं. “ती माझ्यापाशी द्या.”

गुंडानं ती त्यांच्या मांडीवर ठेवली. डावा हात मानेखाली नुसता टेकलेला राहिला. उजव्या अंगठ्यानं त्यांनी सहाही मोकळ्या तारा वरपासून खालपर्यंत छेडल्या, मग पोटावर कान लावून बोटाच्या पेरानं तीन-चार ठिकाणी ठोकून बघितलं.

“मधी जाड हाय,” ते म्हणाले. “अर्धं सूत.”

“भ्यालो, आबा,” गुंडा म्हणाला. “अजून कोरली असती तर फुटली असती.”

“फुटली तर दुसरी करशील.”

गुंडाला एकदम हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. दोन वर्षं त्याला जे ऐकायचं होतं, ते कौतुकाचे शब्द होते असं त्याला वाटत आलं होतं. आबांनी नुसतं काम तपासलं, आणि त्याला ते पुरलं.

नानासोनं विचारलं, की मामा, तुमच्या कानाला तर जुनीच गोड लागते, मग ही कशाला?

“कच्ची हाय अजून,” हंबीरराव म्हणाले. “पर कुठनं आली म्हणून कुणी इचारलं, तर मला सांगता येईल.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं साताऱ्याची गाडी सोडून दिली आणि सांगली स्टँडवर जतच्या गाडीत बसला. आईलाच फक्त त्यानं सांगितलं होतं.

कवठे महांकाळ मागं पडलं तसा ऊस संपला. पुढं नुसती बाभळ आणि खडकाळ माळ. जतच्या अलीकडं एका फाट्यावर उतरून, विचारत विचारत तो दीड कोस चालला. बिराप्पा मेंढवाड्याबाहेर मेंढरांना पाला टाकत होता. डोक्याला लाल पटका, अंगावर पलटणीतलाच जुना स्वेटर. आकारामला बघून त्यानं आधी टाचा जुळवल्या, मग आपलं आपल्यालाच हसून घोंगडं पसरलं.

आकारामला वाटेत जुळवलेलं काही आठवलं नाही. त्यानं सरळ सांगितलं, की मी तुम्हा दहा जणांपुढं माझ्या बापाची जी गोष्ट सांगितली, ती खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण होती खोटी. मग त्यानं सगळं सांगितलं, खिळ्याचं आणि म्हातारीचंही.

बिराप्पानं पाल्याची एक काडी मोडली.

“रेडिओ म्या घेतलाच व्हता, सायेब,” तो म्हणाला. “तुमच्या वडलांनी काय केलं, त्यानं ते बदलत न्हाई. कैदेचं बी मला काय वाटलं न्हाई.”

“मग नोकरी का सोडलीस?”

“त्या गोष्टीपायी.” त्यानं वर बघितलं नाही. “असली माणसं येगळ्या मातीची असत्यात, आपण त्यातलं न्हाई, असं मनानं घेतलं. रोज तुमचं तोंड बघायचं म्हंजी रोज तेच. म्हणून आलो निघून.”

त्याच्या बायकोनं दोन वाट्यांत दूध आणून ठेवलं. मेंढरं पाल्याला लागली होती. आकारामनं वाटी उचलली आणि तशीच धरून ठेवली. माफी मागायचा शब्द ओठांवर होता, पण तो फार हलका वाटला, आणि बिराप्पालाही तो ऐकायचा नसावा.

“मागं येशील काय?” त्यानं विचारलं. “म्या साहेबांना चिठ्ठी दीन.”

बिराप्पानं नाही म्हटलं. मेंढरं चांगली चालली होती, विहिरीला पाणी लागलं होतं. दूध पिऊन झाल्यावर त्यानं वाटी बाजूला ठेवली आणि आकारामजवळ थोडा सरकून बसला, जुन्या ओळखीचा माणूस बसतो तसा.

“सायेब, एक इचारू? त्या म्हातारीचं फुडं काय झालं?”

आकारामनं आठवून बघितलं. काल दिवसभर अंगणात सहा माणसं होती. लाकडाचं बोलली, आवाजाचं, कुणी घ्यावी आणि कुणी घेऊ नये याचं बोलली.

“ठावं न्हाई,” तो म्हणाला. “आमच्यात कुणी इचारलंच न्हाई.”